इंडस्ट्रियल ब्लोअर किती मोठा घ्यायचा, मोटर किती एचपीची लागेल? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर असो, अंबड असो की सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "दहा एचपीच्या ब्लोअरचा रेट सांगा." रेट सांगता येतो. पण हा दहाचा आकडा कुठून आला असं विचारलं, की "शेजारच्या कंपनीत तेवढाच आहे" किंवा "जुना तेवढाच होता" असं उत्तर येतं. चुकीच्या मापाचा ब्लोअर एकदा घेतला की तो दहा-पंधरा वर्षं वीज खातो, आणि धूळ मात्र माणसाच्या छातीत जात राहते. म्हणून हा हिशोब ज्याचा त्याला करता यावा, या इच्छेने हे पान लिहिलं आहे. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि जमलं तर वर्गमूळ, याहून जास्त गणित त्यात नाही.

नुसता एचपी सांगितला तर ब्लोअर का निवडता येत नाही?

कारण एकाच एचपीत अगदी वेगवेगळी मशीन बसतात. शाफ्टवर साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा एचपी आहेत आणि ब्लोअरची एफिशियन्सी ६० टक्के आहे असं धरा. एवढ्या ताकदीत २० मिमी प्रेशरवर (मिमी म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची, पुढे समजावलं आहे) तासाला साधारण ८२ हजार घनमीटर हवा हलते. २०० मिमीवर तीच हवा ८,२०० घनमीटर होते आणि ४,००० मिमीवर फक्त ४१० घनमीटर. पहिलं मशीन शेडच्या भिंतीतले मोठे एक्झॉस्ट फॅन, दुसरं डस्ट कलेक्टरचा (धूळ ओढून गाळणाऱ्या यंत्रणेचा) सेंट्रिफ्युगल ब्लोअर, ज्यात फिरतं चाक हवा बाहेरच्या बाजूला फेकतं, आणि तिसरं ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, टाकीवरचा रूट्स ब्लोअर, ज्यात दोन फिरते रोटर हवा पुढे ढकलतात. तिन्हींच्या मोटरच्या नेमप्लेटवर "१० एचपी" एवढंच लिहिलेलं असेल.

म्हणून आधी हवा ठरवायची, मग प्रेशर आणि सगळ्यात शेवटी एचपी. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

हवा किती लागेल, हे कसं काढायचं?

ते कामावर अवलंबून आहे. बंदिस्त हुड (धूळ-धूर ओढून घेणारं तोंड) किंवा बूथ असेल तर सरळ गुणाकार आहे: उघड्या तोंडाचं क्षेत्रफळ × तिथे हवा ज्या वेगाने आत जायला हवी तो वेग. स्प्रे पेंटिंगच्या बूथसाठी सेकंदाला ०.५ मीटर हा वेग साधारणपणे धरतात. बूथचं तोंड ३ मीटर × २.५ मीटर असेल तर ७.५ चौरस मीटर × ०.५ = सेकंदाला ३.७५ घनमीटर. त्याला ३,६०० ने गुणलं की तासाला १३,५०० घनमीटर. कॅटलॉग सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर १.७ ने भागा, साधारण ७,९५० सीएफएम येतील.

शेडच्या वेंटिलेशनसाठी घनफळ × तासाला किती वेळा हवा बदलायची तो आकडा. ३० × १५ × ७ मीटरचं शेड म्हणजे ३,१५० घनमीटर. तासाला २० वेळा बदलायची तर ६३,००० घनमीटर. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण प्रेशर इथे जेमतेम १० मिमी असल्याने सगळे फॅन मिळून साडेतीन किलोवॅटमध्ये काम होतं.

भट्टी, ड्रायर, एअरेशन (सांडपाण्यात हवा सोडणं) यांसाठी प्रक्रियेला लागणारी हवा किंवा ऑक्सिजन काढावा लागतो. ईटीपीचं उदाहरण पुढे दिलं आहे.

हुड कामापासून थोडा लांब ठेवला तर चालेल का? कामगारांना अडचण होते.

या प्रश्नावर मी नेहमी जरा जास्त वेळ देतो, कारण बहुतेक पैसा इथेच वाया जातो. मेणबत्ती आपण फुंकून हातभर अंतरावरून विझवतो. आता श्वास आत ओढून ती विझवून बघा. ओठांना चटका बसेल इतकं जवळ जावं लागतं. फुंकलेली हवा एका दिशेने लांब जाते, पण ओढलेली हवा तोंडाच्या चारही बाजूंनी येते. त्यामुळे सक्शन पाइपच्या तोंडापासून एका व्यासाएवढं अंतर गेलं, की हवेचा वेग तोंडाच्या वेगाच्या साधारण दहा टक्केच उरतो.

साध्या उघड्या हुडचं सूत्र असं आहे: हवा = वेग × (१० × अंतराचा वर्ग + तोंडाचं क्षेत्रफळ). वेल्डिंगचा धूर पकडायला ०.५ मीटर प्रति सेकंद धरू, तोंड ०.०६ चौरस मीटरचं. हुड ३० सेंटिमीटरवर ठेवला तर तासाला १,७२८ घनमीटर हवा लागते. तोच १५ सेंटिमीटरवर आणला तर ५१३. अंतर निम्मं केलं आणि हवा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली. मोठा ब्लोअर घेण्याआधी कामगाराशेजारी बसून, त्याच्या हाताला अडथळा न येता हुड किती जवळ आणता येतो ते पाहा. फिरता आर्म लावा, बाजूला पत्र्याचे पंख लावा. त्यासाठी घालवलेली एक दुपार पुढे कित्येक वर्षांची वीज वाचवते.

मिमी वॉटर गेज म्हणजे काय? प्रेशर कसं काढतात?

पाण्याचा स्तंभ जितके मिलिमीटर वर उचलला जाईल, तितकं ते प्रेशर. १ मिमी म्हणजे ९.८१ पास्कल, आणि १०,००० मिमी म्हणजे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर.

हवेच्या वाटेत जिथे जिथे अडथळा आहे तिथला तोटा एक एक करून मोजायचा आणि बेरीज करायची: हुडचं तोंड, सरळ डक्ट (हवेचा पत्र्याचा पाइप), बेंड, जोडणी, फिल्टर, चिमणी. शाखा अनेक असतील तर सगळ्या शाखांची बेरीज करायची नाही. सगळ्यात जास्त तोटा होणारी एक वाट धरायची आणि बाकीच्या शाखा तिच्याशी डँपरने (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेने) किंवा व्यास बदलून जुळवायच्या. सगळ्या शाखांचे तोटे एकत्र मिळवून दुप्पट प्रेशरचा ब्लोअर मागवलेला मी पाहिला आहे.

बेंड आणि जोडणीचा तोटा "व्हेलॉसिटी प्रेशर"च्या, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणाऱ्या प्रेशरच्या, पटीत मोजतात. चांगल्या मोठ्या त्रिज्येच्या ९० अंशाच्या बेंडला ०.३ पट धरा. काटकोनात कापून जोडलेल्या बेंडला त्याच्या कितीतरी पट जास्त लागतं. पत्रेवाल्याला हे आधीच बजावून ठेवा.

एक पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

अंबडमधल्या एखाद्या छोट्या फौंड्रीचं फेटलिंग शॉप (कास्टिंग घासून साफ करण्याची जागा) डोळ्यांसमोर आणा. चार ग्राइंडिंग टेबलं, प्रत्येकावर ०.९ × ०.६ मीटर तोंडाचा हुड. वाळूच्या साच्यातल्या कास्टिंगवरून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. म्हणून इथे वेग १ मीटर प्रति सेकंद धरू, त्यात काटकसर नको.

एका हुडला ०.५४ घनमीटर प्रति सेकंद, चार हुडांना २.१६, म्हणजे तासाला ७,७७६ घनमीटर. बॅग फिल्टरच्या (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणाऱ्या पेटीच्या) दारांतून, धूळ खाली सोडणाऱ्या रोटरी व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा गळतीने आत शिरते. त्यासाठी दहा टक्के वाढवून ब्लोअरला ८,५५० घनमीटर प्रति तास धरू.

आता डक्ट. धातूची धूळ खाली न बसता वाहून जायला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग हवा. शाखेला १८० मिमी व्यास घेतला तर २१ मीटर, मुख्य डक्टला ३७५ मिमी घेतला तर १९.६ मीटर वेग येतो. व्हेलॉसिटी प्रेशर शाखेत साडेसत्तावीस मिमी, मुख्य डक्टमध्ये साडेतेवीस.

तोटे असे:
हुडचं तोंड आणि हवेला वेग देणं: ४१ मिमी
शाखेचा ६ मीटर सरळ डक्ट: १८ मिमी
शाखेतले दोन बेंड: १७ मिमी
मुख्य डक्टला जोडणी: ५ मिमी
मुख्य डक्ट १८ मीटर: २० मिमी
मुख्य डक्टचे तीन बेंड: २१ मिमी
बॅग फिल्टर, बॅगा मळलेल्या असताना: १५० मिमी
ब्लोअरनंतरची चिमणी: १५ मिमी

एकूण २८७. त्यावर दहा टक्के, म्हणजे ३१५ मिमी धरू. या यादीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बॅग फिल्टरचा आहे, हे लक्षात घ्या. नव्या कोऱ्या बॅगांचा तोटा धरून हिशोब केला, की पहिले दोन महिने सगळं छान चालतं आणि मग हुडजवळ धूळ घुटमळायला लागते.

आता ताकद. सूत्र एकच आहे, ते भिंतीवर लिहून ठेवा:

किलोवॅट = (घनमीटर प्रति तास × मिमी) ÷ (३,६७,००० × एफिशियन्सी)

बॅकवर्ड कर्व्ह इंपेलर (मागे वळलेल्या पात्यांचं फिरतं चाक), एफिशियन्सी ७० टक्के: ८,५५० × ३१५ ÷ २,५६,९०० = १०.५ किलोवॅट. बेल्टमध्ये पाच टक्के जातात, म्हणजे ११ किलोवॅट. मोटरसाठी १५ टक्के राखीव ठेवले की १२.७ येतात. बाजारात ११ नंतर थेट १५ किलोवॅटची मोटर मिळते, म्हणून १५ किलोवॅट, म्हणजेच २० एचपी.

राखीव प्रत्येक पायरीवर पुन्हा पुन्हा मिळवू नका. डक्टवाला दहा टक्के घालतो, सल्लागार वीस घालतो, ब्लोअरवाला पंधरा घालतो, आणि २० एचपीच्या कामावर ३० एचपी बसते.

डक्टचा व्यास जरा कमी केला तर पत्रा वाचतो. काय बिघडलं?

असं एका ठिकाणी घडलं, ते सांगतो. ड्रॉइंगवर ३७५ होतं, फॅब्रिकेटरने ३०० चा डक्ट केला. गोदामात पत्रा तसाच होता, आणि डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. ब्लोअर सुरू केला तर अँपिअर ठीक, आवाज मात्र शिट्टीसारखा, आणि हुडजवळ धरलेल्या अगरबत्तीचा धूर संथपणे वरच्या वर जात होता. मालकांनी ब्लोअरला दोष दिला. डक्टवर टेप धरल्यावर कारण कळलं.

तेवढीच हवा न्यायची तर घर्षणाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो. ३७५ चा ३०० केला की तो तिप्पट होतो. वरच्या उदाहरणात मुख्य डक्ट आणि बेंड यांचा तोटा ४१ वरून ११३ मिमीवर जातो. हवा पूर्ण हवी असेल तर २.४ किलोवॅट कायमचे जादा. दोन पाळ्या, महिन्याला २५ दिवस आणि बेल्ट-मोटरचा तोटा धरला तर हजाराहून जास्त युनिट दर महिन्याला, आणि ते डक्ट बदलेपर्यंत. वाचलेल्या पत्र्याची किंमत त्यापुढे काहीच नाही.

उलट टोकही वाईट आहे. धुळीचा डक्ट गरजेपेक्षा मोठा केला तर वेग पडतो, धूळ तळाशी बसते आणि वर्षभरात डक्ट वजनाने वाकतो.

नाशिकची उंची आणि ऊन-थंडी यांचा फरक पडतो का?

पडतो, आणि कॅटलॉग वाचताना तो बहुतेकजण विसरतात. कॅटलॉगमधलं प्रेशर हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरून दिलेलं असतं, म्हणजे समुद्रसपाटी आणि २० अंश. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे ३५ अंशाला घनता साधारण १.०७ असते. सेंट्रिफ्युगल ब्लोअर हवा तितकीच घनमीटर हलवतो, पण प्रेशर ११ टक्के कमी देतो.

डक्ट आणि बेंडचा तोटाही घनतेबरोबर तितकाच घटतो, त्यामुळे तो भाग आपोआप जुळतो. बॅग फिल्टरचा तोटा मात्र घनतेने घटत नाही. म्हणून आपल्या उदाहरणातल्या फिल्टरचे १५० मिमी कॅटलॉगच्या भाषेत १६८ होतात आणि एकूण आकडा ३१५ ऐवजी ३३५ धरून ब्लोअर निवडावा लागतो. मुंबईला बसवलेला ब्लोअर तसाच्या तसा इथे आणला आणि जरा कमी पडला, तर आधी हे तपासा.

थंडीत उलट होतं. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा किती खाली येतो ते आपल्याला माहीत आहे. ८ अंशाला घनता १.१७ च्या आसपास जाते, म्हणजे मे महिन्याच्या दुपारपेक्षा नऊ टक्के जास्त. तितकेच नऊ टक्के लोडही वाढतो. पहिल्या पाळीला ओव्हरलोड रिले पडतो (लोड जास्त झाल्याने मोटर आपोआप बंद होते) आणि दुपारी सगळं सुरळीत, अशी तक्रार थंडीत येते ती यामुळे. मोटर जेमतेम मापाची बसवली असेल तर तिला हे नऊ टक्के झेपत नाहीत.

मोटरचं रेटिंग १,००० मीटर उंची आणि ४० अंशापर्यंत लागू असतं, म्हणून नाशिकच्या उंचीसाठी मोटर मोठी घ्यायची गरज नाही. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात ४० च्या वर तापतं, त्याचा विचार मात्र करा. मोटरभोवती मोकळी जागा ठेवा.

डँपर बंद केला की मोटरवर लोड वाढतो ना?

नाही. सेंट्रिफ्युगल ब्लोअरमध्ये लोड कमी होतो, कारण हवाच हलत नाही. हे पटत नसेल तर टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून अँपिअर मोजणारं उपकरण) लावून डँपर हळूहळू बंद करून पाहा, अँपिअर उतरताना दिसतील. म्हणूनच सेंट्रिफ्युगल ब्लोअर डँपर बंद ठेवून सुरू करतात. इंपेलर जड असतो, वेग घ्यायला वेळ लागतो. त्यात पूर्ण हवेचा लोड आला की स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा) डेल्टावर जाताना हिसका बसतो.

याच कारणाने, बॅगा न लावता किंवा फिल्टरची दारं उघडी ठेवून घेतलेल्या ट्रायलमध्ये मोटर बंद पडते. अडथळा नसल्याने हवा भरमसाट जाते आणि लोड वाढतो. फॉरवर्ड कर्व्ह आणि सरळ पात्यांच्या इंपेलरमध्ये हा धोका जास्त. बॅकवर्ड कर्व्हमध्ये लोड एका मर्यादेपर्यंत चढून पुन्हा उतरतो.

रूट्स ब्लोअरला यातलं काहीही लागू नाही. त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद असताना तो कधीही सुरू करू नका. प्रेशर चढतच जातं, मग रिलीफ व्हॉल्व्ह उडतो, नाहीतर मशीन जातं.

हवा कमी पडते. पुली बदलून आरपीएम वाढवू का?

वाढवता येतं, पण आधी तीन आकडे पाहा. वेग दहा टक्के वाढवला तर हवा दहा टक्के वाढते, प्रेशर २१ टक्के आणि लोड ३३ टक्के. ११ किलोवॅटवर चालणारा ब्लोअर १४.६ वर जातो. १५ च्या मोटरला हे कसंबसं झेपेल, ११ च्या मोटरला झेपणार नाही. शिवाय इंपेलर किती आरपीएमपर्यंत सुरक्षित आहे, हे उत्पादकाला विचारल्याशिवाय पुलीला हात लावू नका. फाटलेला इंपेलर केसिंग फोडून बाहेर येतो. यात माणूस जाऊ शकतो.

आणि त्याही आधी बॅगा झाडल्या आहेत का, बेल्ट सैल आहे का, डक्टला भोक पडलं आहे का ते बघा. दहापैकी बऱ्याच वेळा पुली निर्दोष असते.

माझ्याकडे १० एचपीची मोटर पडून आहे. तिलाच ब्लोअर बसवून द्या ना.

बसवता येईल, पण तेव्हा हिशोब उलटा होतो. तुमच्या कामाला दहा एचपी पुरते का ते आधी पाहावं लागतं. पुरत नसेल तर हुडांची संख्या कमी करा, किंवा मोटर दुसऱ्या कामाला ठेवा. जुनी मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली असेल तर तिची एफिशियन्सी घटलेली असू शकते. मोफतची मोटर वीजबिलात आपली किंमत वसूल करते.

वाइनरीच्या किंवा खाद्य उद्योगाच्या ईटीपीसाठी एअरेशन ब्लोअर कसा काढायचा?

दिवसाला १०० किलो बीओडी (सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) येतो असं धरू. एका किलोला साधारण १.८ किलो ऑक्सिजन, म्हणजे १८० किलो. नाशिकच्या उन्हाळ्यातल्या एका घनमीटर हवेत ऑक्सिजन साधारण पाव किलो. पण डिफ्यूजरमधून (टाकीच्या तळाशी बारीक बुडबुडे सोडणाऱ्या तबकड्या किंवा नळ्या) निघालेल्या बुडबुड्यांतला सगळा ऑक्सिजन पाण्यात उतरत नाही. सांडपाण्यात दहा टक्के धरणं सावधपणाचं. म्हणजे घनमीटरमागे २५ ग्रॅम, दिवसाला ७,२०० घनमीटर, तासाला ३०० घनमीटर.

टाकीत पाणी चार मीटर असेल तर ४,००० मिमी तिथेच लागले. पाइप आणि डिफ्यूजरचे आणखी ८०० मिमी. ५,००० धरू. ३०० × ५,००० ÷ (३,६७,००० × ०.६) = ६.८ किलोवॅट. १५ टक्के राखीव धरून ७.८, म्हणून त्यापुढची ९.३ किलोवॅटची, म्हणजे साडेबारा एचपीची मोटर. डिफ्यूजर वर्षभरात चोंदतात, म्हणून ८०० मिमीत हात आखडता घेऊ नका.

दिंडोरी-विंचूर पट्ट्यातल्या वाइनरींत द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि सांडपाण्याचा भारही तेव्हाच चढतो. एकच मोठा ब्लोअर घेऊन तो उरलेले नऊ महिने नुसताच फिरवण्यापेक्षा दोन लहान घ्या. एक बिघडला तरी टाकीतले जिवाणू जगतात. हंगामात सगळा कल्चर मेला तर तो पुन्हा उभा करायला आठवडे लागतात, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ओव्हन किंवा ड्रायरची गरम हवा असेल तर?

२०० अंशाला हवेची घनता २० अंशाच्या ६२ टक्के होते. थंड असताना १०० मिमी देणारा ब्लोअर गरम झाल्यावर ६२ मिमी देतो, लोडही तितकाच उतरतो. पण सकाळी सुरुवात थंड हवेवर होते, आणि तेव्हा मोटरवर पूर्ण लोड येतो. एकतर मोटर थंड लोडची घ्या, नाहीतर तापेपर्यंत डँपर अर्धा ठेवा. ऑर्डर देताना तापमान न चुकता लिहा, कारण बेअरिंग आणि शाफ्टची रचनाच बदलते.

ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावल्याने बिल खरंच निम्मं होतं का?

सेंट्रिफ्युगलवर वेग २० टक्के कमी केला तर लोड ५१ टक्क्यांवर येतो. त्या अर्थाने होय, निम्मं. पेंट बूथ, ओव्हन, वेंटिलेशन इथे ड्राइव्ह लावाच. रूट्सवर मात्र पाण्याची उंची तीच राहते, म्हणून वेग २० टक्के उतरवला तर वीजही साधारण २० टक्केच वाचते.

धुळीच्या डक्टवर मात्र मला ड्राइव्हची काळजी वाटते. रात्रपाळीला दोनच हुड चालू ठेवून वेग उतरवला, की मुख्य डक्टमधला वेग २० वरून १० मीटरवर येतो आणि धूळ बसते. तिथे वेग ठरावीक मर्यादेखाली जाणार नाही असं सेटिंग करून कुलूप लावा.

बिलाचा हिशोब सोपा आहे. आपला फेटलिंगचा ब्लोअर शाफ्टवर ११ किलोवॅट, मोटरची एफिशियन्सी ९१ टक्के, म्हणजे मीटरवर १२.१. रोज १६ तास, २५ दिवस: ४,८४० युनिट. महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर लावून गुणा.

ॲल्युमिनियम बफिंग आणि लोखंडाचं ग्राइंडिंग एकाच लाइनला जोडू का?

कधीही नाही. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडालेली असताना स्फोट होतो आणि लोखंडाच्या ठिणग्या तिला पेटवतात. दोन वेगळ्या लाइन करा. ॲल्युमिनियमसाठी धूळ पाण्यात पकडणाऱ्या कलेक्टरचा विचार करा. थिनरची वाफ ओढायची असेल तर मोटर फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) हवी आणि इंपेलर ठिणगी न पडणारा. इथे खर्चाची घासाघीस करू नका.

कोटेशन मागताना काय लिहायचं?

घनमीटर प्रति तास, मिमी, हवेचं तापमान, धूळ किंवा वाफ कसली, "ठिकाण नाशिक, उंची ६०० मीटर", आणि दिवसाला किती तास चालणार. कोटेशनमध्ये शाफ्टवर किती किलोवॅट लागतात आणि एफिशियन्सी किती, हे लिहून मागा. नुसती मोटरची साइज देणाऱ्या दोन कोटेशनांची तुलना होत नाही. एक ५५ टक्के एफिशियन्सीचा आणि दुसरा ७५ चा असू शकतो. स्वस्त वाटलेला ब्लोअर मग दर महिन्याला महाग पडत राहतो.

ब्लोअर बसल्यावर खरंच ठरलेलं प्रेशर आणि हवा मिळते का, ते कसं पाहू?

महागडं उपकरण नसेल तरी चालतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्या. तिला "यू"च्या आकारात फळीवर बसवा आणि मध्ये स्टीलची पट्टी लावा. पाण्यात चिमूटभर नीळ टाका म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. डक्टला ३ मिमीचं भोक पाडा, आतली बुरी काढून टाका, नळीचं एक टोक तिथे घट्ट धरा आणि दुसरं उघडं सोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिमीमध्ये वाचा. ब्लोअरच्या आधी एकदा, नंतर एकदा. सक्शन आणि डिस्चार्जची बेरीज हे ब्लोअरचं प्रेशर. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना लावली तर बॅगा किती मळल्या ते कळतं. ही नळी तिथे कायमचीच लावून ठेवली तर ऑपरेटरला रोज सकाळी एका नजरेत समजतं.

हवेचा वेग मोजायला पिटो नळी (डक्टमध्ये घालून व्हेलॉसिटी प्रेशर मोजणारी नळी) लागते. तिच्यावर येणाऱ्या मिमीचं वर्गमूळ काढून नाशिकच्या उन्हाळ्यात ४.२८ ने गुणा. २२ मिमी आले तर वेग २० मीटर प्रति सेकंद.

मोटरचा लोड टाँग टेस्टरने: १.७३ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर × मोटरची एफिशियन्सी ÷ १,०००. ४१५ व्होल्ट, २१ अँपिअर, ०.८२ आणि ०.९१ धरले तर ११.३ किलोवॅट. आपल्या हिशोबातल्या ११ शी हा आकडा जुळला, की समजायचं गणित आणि जागेवरचं काम एकाच रेषेत आहे.

काल ट्रान्सफॉर्मरचं काम झालं, तेव्हापासून सक्शन कमी झालं. मोटर तर नीट चालते.

फेज उलटे जोडले गेले असण्याची शक्यता आहे. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त बरीच कमी, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. केसिंगवरचा बाण आणि शाफ्टची दिशा जुळते का ते, ब्लोअर बंद होताना वेग उतरतो त्या वेळी, गार्डच्या बाहेरून पाहा. उलटा असेल तर वायरमनला सप्लाय बंद करून कोणतेही दोन फेज अदलाबदल करायला सांगा, आणि सुरू करण्याआधी त्याच लाइनवरचे बाकीचे पंप आणि मशीनही तपासून घ्या.